रंग : फोटोप्रमाणे

ऑफिसात तोंड उघडू नये, असं मी प्रत्येक नव्या माणसाला सांगत आलो आहे. जांभई आलीच तर फाइल आडवी धरावी. आणि तरीही त्या दिवशी मीटिंगमध्ये मी तोंड उघडलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्याचं असं झालं. आमचं ऑफिस पाणीपुरवठ्याचं. लोक इथं बिलं भरायला येतात, बिलं कमी करून घ्यायला येतात आणि बिल आलंच नाही म्हणून भांडायलाही येतात. एकदा एक आजोबा आमच्या स्टोअरकीपरच्या मागं रांग लावून उभे राहिले. स्टोअरकीपर नोटीस बोर्ड वाचत होता. त्याला त्या बोर्डावरची प्रत्येक नोटीस पाठ आहे, तरी तो वाचतो, कारण वाचणाऱ्या माणसाला कोणी काम सांगत नाही. तो सरकला की आजोबा सरकत. तो कँटीनला निघाला तसे आजोबाही निघाले, आणि चहाच्या खिडकीत त्यांनी पाण्याचं बिल पुढं केलं तेव्हा हा प्रकार उघडकीला आला. पुढच्याच आठवड्यात वर्तमानपत्रात पत्र छापून आलं. 'या कार्यालयात कर्मचारी कोण आणि नागरिक कोण, हे ओळखण्याची काही सोय आहे काय?' खाली आजोबांची सही.

साहेबांनी तातडीची मीटिंग घेतली. नव्यानं रंगवलेल्या हॉलचं उद्घाटन मोठ्या साहेबांच्या हस्ते व्हायचं होतं, आणि त्या दिवशी सगळा स्टाफ गणवेशात दिसला पाहिजे, असं त्यांनी टेबलावर हात आपटून सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "रंग कोण ठरवणार?" सगळे आपापल्या नखांकडं बघायला लागले. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसा मी म्हणालो, "साहेब, आमची मुलगी हेच शिकते. फॅशन डिझाइन."

आता हे मी का बोललो? बढाई म्हणून नव्हे. थोडी बढाई होती, पण मुख्य कारण वेगळं होतं. आमची लेक, तिला घरात सगळे चिंगीच म्हणतात, तिचा आणि तिच्या आईचा एक करार झाला होता. वर्ष संपायच्या आत एक तरी खरं काम मिळवायचं, खऱ्या माणसांनी अंगात घालायचं. मिळालं तर ती याच धंद्यात राहणार. नाही मिळालं तर मुकाट्यानं मामाच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात जाऊन बसणार. करारात मी साक्षीदार होतो, म्हणजे मला कोणी विचारलं नव्हतं. वर्ष संपत आलं होतं आणि माझे मेहुणे फोनवर रोज विचारत होते, "काय भावजी, कधी पाठवताय आमच्या भाचीला?" चिंगी ट्रकांच्या पावत्यांवर शिक्के मारताना डोळ्यांपुढं आली की मी जेवता जेवता उठून उभा राहायचो, आणि का उठलो ते कोणाला सांगता येत नसल्यामुळं पाणी आणायला जायचो. त्या महिन्यात मी फार पाणी प्यालो.

साहेबांनी परवानगी दिली आणि दुसऱ्याच दिवशी चिंगी हॉलमध्ये दाराशेजारच्या बाकावर येऊन बसली. मला वाटलं होतं, ती एखादं पुस्तक उघडेल, एक रंग दाखवेल आणि घरी जाईल. ती नुसती बसली. लोक येताहेत, जाताहेत, ही बघतेय. मी दर पाच मिनिटांनी काहीतरी काम काढून तिच्याजवळून जात होतो.

"झालं का?"

"बाबा, तू जागेवर बस बघू. तू सारखा मधे येतोस आणि माझ्या मोजणीत तुझाच शर्ट परत परत धरला जातो."

"मोजतेस काय?"

"लोक कुठल्या रंगाचे कपडे घालून येतात ते. पांढरा, राखाडी, निळा, काळा. दिवसभर तेच. म्हणजे तुमचा रंग यातला नको. नाहीतर आजोबा पुन्हा स्टोअरकीपरच्या मागं."

हे इतकं सरळ होतं की मला ते आधी सुचलं नाही याचा राग आला. पण तेवढ्यावर भागलं नाही. दुपारी तिनं पिशवीतून कापडाचे तुकडे काढले आणि आमच्या कॅशियर बाईंच्या हनुवटीखाली एकेक धरायला सुरुवात केली. कॅशियर बाई म्हणजे सुट्टे पैसे मागितले तरी माणसाला घाम फोडणारी बाई. त्या हनुवटी वर करून लहान मुलीसारख्या बसल्या. एका तुकड्यानं त्यांचा चेहरा ओढल्यासारखा दिसला, दुसऱ्यानं नुकत्याच झोपून उठल्यासारखा टवटवीत. ऑफिसात बातमी पसरली आणि चिंगीसमोर रांग लागली. मीटर रीडर आले, शिपाई आले, बिल भरायला आलेले दोघे-तिघेही हनुवटी काढून उभे राहिले. शेवटी तिनं मलाही बसवलं, आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "बाबा, या मातकट रंगात तू आजारी दिसतोस."

हाच रंग मी नोकरीला लागल्यापासून घालत आलो होतो. म्हणजे इतकी वर्षं मी आजारी दिसत होतो आणि एकदाही साहेबांनी स्वतःहून रजा दिली नव्हती.

घरी तिनं जेवणाच्या टेबलावर रंगांचं चक्र मांडलं. पुठ्ठ्याचं गोल, त्यावर सगळे रंग हातात हात घालून बसलेले. "हा हॉलच्या भिंतीचा रंग," तिनं फिकट हिरव्या-निळ्यावर बोट ठेवलं. "आता याच्या बरोबर समोर कोण आहे ते बघ." मी बोट सरळ रेषेत नेलं. तांबूस. "समोरासमोरचे दोन रंग एकमेकांना उठाव देतात. भिंतीपुढं तोच सगळ्यांत आधी दिसणार. पण असाच कच्चा घेतला तर डोळ्यांत जाईल. तो थोडा भाजायचा." आणि ती भाजायला बसली, म्हणजे कापडवाल्यांकडं खेटे घालायला लागली.

दरम्यान आमच्या इमारतीला बातमी लागली होती. खालच्या मजल्यावरचे काका आयुष्यभर पेंटचं दुकान चालवून निवृत्त झालेले. त्यांनी मला जिन्यात गाठलं. "रंग कुठलाही घ्या, पण आधी प्रायमर." मी म्हटलं, काका, कापड आहे. ते म्हणाले, "कापड असो नाहीतर दार असो, प्रायमर नसेल तर पोपडे धरणार." वरच्या मजल्यावरच्या काकूंचं म्हणणं एकाच शब्दात होतं. "मळखाऊ." मेहुण्यांनी फोनवरून शास्त्रच निकालात काढलं. "रंगात काय शिकायचं असतं, भावजी? डोळे असले म्हणजे झालं." व्यक्ती तितक्या प्रकृती हे मला मान्य आहे, पण त्या प्रकृतींनी एकाच जिन्यात का राहावं हे कळत नाही.

शेवटी चिंगीला रंग सापडला. तो विटकरी नव्हता, केशरी नव्हता आणि आमसुली तर नव्हताच. संध्याकाळचं ऊन विटांच्या भिंतीवर पडल्यावर जो दिसतो, त्याच्या जवळपासचा काहीतरी. तिनं व्यापाऱ्याला सांगून तागे राखून ठेवले, हातभर तुकडा कापून आणला आणि माझ्या हातात देताना मला शाळेत घालताना सांगावं तसं सांगितलं.

"बाबा, नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं की प्रत्येकजण आपल्या मनातला रंग बघतो. तुकडा हातात द्यायचा, खिडकीशी न्यायचं, तिथं भिंतीला लावून दाखवायचा. ट्यूबखाली नाही. आणि फोटो नाही. फोटो अजिबात नाही."

"मी काय लहान आहे का?" मी म्हटलं.

ऑफिसात पोचलो, पहिल्याच माणसाला खिडकीशी घेऊन चाललो होतो, तेवढ्यात साहेब केबिनमधून बाहेर आले. "हेडक्लार्क, एकेकाला खिडकीत नेत बसलात तर आज पाणी कोण सोडणार? फोटो काढा, ग्रुपवर टाका, गणवेशाच्या कमिटीला मत द्यायला सांगा."

'साहेब, फोटो नको' असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि त्यातून "हो साहेब" एवढंच बाहेर पडलं. माझ्या तोंडाला ते वळणच पडलेलं आहे. मी टेबलावर एक फाइल ठेवली, तिच्यावर तुकडा पसरला, वर ट्यूब होती, आणि फोटो काढला. फोटो मला बरा वाटला. जरा पिवळट होता, पण माझ्या फोनवर सगळंच पिवळट दिसतं. डोळ्यांना त्रास नको म्हणून तशी सोय करून घेतली आहे. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं ही म्हण मला त्या वेळी आठवायला हवी होती.

आणि मग चमत्कार झाला. कमिटीतले सहाच्या सहा जण राजी झाले! आमच्या ऑफिसात पंखा किती वेगानं फिरावा यावर आजवर एकमत झालेलं नाही. इथं धडाधड उत्तरं आली. "झकास." "असाच हवा होता." "माझ्या मनातला रंग!" हे कॅशियर बाईंचं. आणि सगळ्यांत शेवटी साहेबांचं, "फार सोबर. मंजूर." मी तो ग्रुप त्या दिवशी इतक्या वेळा उघडला की अंगठा दुखायला लागला. घरी गेलो तर चिंगी दारातच.

"सगळ्यांनी तुकडा बघितला?"

"सगळ्यांना पसंत पडला," मी म्हटलं. यात खोटं काय होतं?

खरेदी विभागात मात्र गाडं अडलं. त्यांच्या अर्जात गणवेशाचे रंग छापलेलेच आहेत, पांढरा, खाकी, निळा आणि 'इतर'. 'इतर' वर खूण केली तर रंगाचं नाव लिहावं लागतं. मी विटकरी लिहायला घेतलं तर तिथला कारकून म्हणाला, "विटकरी बांधकाम खात्याचा. त्यांचं ना-हरकत लागेल."

"मग तांबडा?"

"अग्निशमन."

"तपकिरी?"

"ते जंगलवाल्यांकडं आहे. हवं तर अर्ज करा, पण ते देत नाहीत कुणाला."

जगातले रंग खात्याखात्यांत वाटून झालेले आहेत हे मला माहीत नव्हतं. शेवटी त्यानंच तोडगा काढला आणि रकान्यात लिहिलं, 'रंग : फोटोप्रमाणे'. मला त्याची बुद्धी त्या वेळी थोर वाटली.

चिंगीनं नमुन्याचा एक शर्ट शिवला. मापाला घरात मीच होतो, म्हणून तो माझ्या मापाचा. शर्ट सुरेख होता. आरशात बघितल्यावर मी आजारी दिसलो नाही, आणि बायको म्हणाली, "अहो, हे तुम्हीच ना?" इतकी स्तुती लग्नानंतर प्रथमच झाली. तोच शर्ट घालून मी कमिटीसमोर उभा राहिलो.

सगळे पुढं वाकले. मग स्टोअरकीपर म्हणाला, "हा कुठला रंग?"

"तुम्ही पसंत केलेला."

"मी? मी चॉकलेटी पसंत केला होता."

"चॉकलेटी कुठला? राणी कलर होता, चांगला झगझगीत!" कॅशियर बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन काढून टेबलावर ठेवला. बाईंचा फोन नवा आणि महाग, त्यात उकडलेला बटाटासुद्धा सजूनधजून बसल्यासारखा दिसतो. तुकडा त्यात गुलाबी झाला होता. मग स्टोअरकीपरनं आपला फोन शेजारी ठेवला. त्याची काच फुटलेली, आत काळं पसरलेलं, तुकडा चॉकलेटी. हेड मीटर रीडरांच्या फोनवर तो मरून, कारण ते बॅटरी वाचावी म्हणून उजेड कमीत कमी ठेवतात. युनियनच्या सेक्रेटरींच्या फोनवर लालभडक, आणि ते म्हणाले, तोच योग्य आहे. माझा फोन ठेवला, त्यात मोहरीची फोडणी करपल्यासारखं काहीतरी. एकाच फोटोचे इतके अवतार एका टेबलावर बघून मला खाली बसावंसं वाटलं. पण मीच प्रदर्शनातला पुतळा होतो, त्यामुळं बसता येईना.

"आणि साहेब, तुमचा?"

साहेबांनी फोन ठेवला. त्यावर राखाडी धुरकट चौकोन होता आणि मधोमध एक बाण.

"साहेब," कॅशियर बाई चाचरत म्हणाल्या, "हा फोटो तुम्ही डाउनलोडच केलेला नाही."

साहेबांनी फोन उचलून डोळ्यांजवळ धरला. चूक सापडली की माणसानं मन मोठं करावं, पण साहेबांचा हुद्दा मनाच्या मोठेपणाच्या वरचा होता. "मी मंजूर केला तो रंग हाच आहे," ते म्हणाले. "राखाडी. किंचित अस्पष्ट. आणि मला तो अजूनही सोबर वाटतो."

चिंगीला बोलावणं गेलं. ती आली, टेबलावर ओळीनं मांडलेले फोन तिनं बघितले आणि मग माझ्याकडं बघितलं. एकदाच. ती ओरडली असती तर मी उलट ओरडलो असतो, माझी तयारी होती. पण तिनं एकेक फोन उचलून ज्याचा त्याला परत दिला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं सगळ्यांना उठवून हॉलमध्ये नेलं, तुकडा भिंतीला लावला आणि खिडकीचा पडदा सरकवला. खरं सांगतो, भिंतसुद्धा बरी दिसायला लागली. "अगं बाई, हा तर छान आहे," कॅशियर बाई म्हणाल्या.

"छान आहेच," साहेब म्हणाले. "फक्त जरा शांत करा."

झालं. मग प्रत्येकाला काहीतरी सुचलं. स्टोअरकीपरला तो थोडा मळखाऊ हवा होता, सेक्रेटरींना थोडा लाल, हेड मीटर रीडरांना उन्हात तापणार नाही असा. साहेब म्हणाले, सगळ्यांचं थोडं थोडं घेऊन सुवर्णमध्य काढा. चिंगीनं पिशवीतून रंगाच्या छोट्या बाटल्या काढल्या, टेबलावरचा पाण्याचा पेला घेतला आणि म्हणाली, "काढते." ज्याचा जो हट्ट, त्याचे दोन थेंब. हिरवट, लाल, काळा, राखाडी. ढवळलं. पेल्यात गटारात असतं तसं पाणी तयार झालं. ते तिनं साहेबांपुढं धरलं. तिला वाटलं होतं, आता समजेल.

साहेबांनी पेला उजेडाकडं धरला. त्यांचा चेहरा उजळला. "हा! हा बघा. हा सोबर आहे."

"साहेब, हा चिखल आहे," चिंगी म्हणाली. "अंगावर चिखल घातलेला माणूस कुणालाच दिसत नाही, आणि तुम्हाला तर दिसायचंय. हाच तुकडा घ्यायचा तर घ्या. नाहीतर माझं नाव त्याला नको." आणि ती तुकडा घेऊन निघून गेली. बाहेर पडताना तिनं दार आपटलंसुद्धा नाही, हळूच लावलं.

सगळे माझ्याकडं वळले. साहेब म्हणाले, "हेडक्लार्क, तुमचं काय म्हणणं आहे?"

माझं म्हणणं होतं. माझ्या अंगात तोच शर्ट होता, आणि मी म्हणालो, "तुम्ही म्हणाल तसं, साहेब."

संध्याकाळी परिपत्रक निघालं. उद्घाटनाला सर्वांनी पांढरा शर्ट घालून यावं, तो सर्वांकडं असतोच.

घरी चिंगी कापडाचे तुकडे घडी करून खोक्यात भरत होती. आईला म्हणाली, "मामाला कळव, सोमवारपासून येते." बायकोनं लगेच भावाला फोन लावला, पण तिचा आवाज एरवी माहेरच्यांशी बोलताना असतो तसा नव्हता. पलीकडून मेहुण्यांचा आनंद स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होता. मला वाढलं नीट, पाणी दिलं नीट, आणि त्या नीटपणानंच मला जास्त बोचलं.

उद्घाटनापर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. बसलो की उठावंसं वाटे, उठलो की कुठं जायचं कळत नसे. टीव्ही लावावा तर त्यातले लोक भलत्याच रंगाचे वाटत. चिंगी माझ्याशी नेहमीसारखी बोलत होती. औषध घेतलंस का, चष्मा कुठं ठेवलास, सगळं. एवढंच की रंगाचा विषय काढत नव्हती. तिला माझा राग आला नव्हता, तिनं माझ्याकडून काही व्हायचं नाही हे गृहीत धरलं होतं. आणि मला माझा इतका राग आला की एका दुपारी मी विनाकारण पंखा बंद करून घाम गाळत बसलो.

उद्घाटनाच्या दिवशी बायकोनं पांढरा शर्ट कडक इस्त्री करून पलंगावर ठेवला होता. चिंगी आंघोळीला गेली होती. मी पांढऱ्या शर्टाकडं बघितलं, मग कपाट उघडलं, आणि तो काढला. बायको दारात आली. मी म्हटलं, "अगं, मी आपला..." ती जवळ आली, चुकीच्या काजात घातलेलं बटण काढून नीट लावलं, कॉलर सरळ केली आणि म्हणाली, "निघा आता, उशीर होईल."

जिन्यात पेंटवाले काका भेटले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत निरखलं. "पहिला हात बरा बसलाय. दुसरा केव्हा देणार?" वरून काकू वाकून ओरडल्या, "मळखाऊ आहे हो!" मी मान ताठ ठेवून चाललो, म्हणजे मान ताठ होती, पण पाय त्या बाजूनं नव्हते. रस्त्यानं जो माणूस हसत होता तो मला हसतोय असं वाटत होतं, आणि जो हसत नव्हता तो हसू दाबतोय असं.

साहेबांनी मला हॉलच्या दारातच अडवलं. "हे काय घातलंय?"

"शर्ट, साहेब."

"परिपत्रक पांढऱ्याचं आहे. बदलून या."

"हो साहेब," मी म्हणालो. तोंड काय, ते म्हणणारच. पण पाय हलले नाहीत. साहेब काही बोलणार, तेवढ्यात गर्दी आत घुसली.

उद्घाटन म्हणून लोक नटूनथटून आले होते, आणि पुरुषमाणूस नटला की पांढरा घालतो. ठेकेदार पांढऱ्यात, पत्रकार पांढऱ्यात, बिलं भरायला आलेले पांढऱ्यात, आमचा सगळा स्टाफ पांढऱ्यात. कोण कुठला याचा पत्ता लागेना. कॅशियर बाईंनी पुष्पगुच्छ पंखे बसवणाऱ्या ठेकेदाराला दिला आणि त्यानं तो आनंदानं घेतला. एकानं युनियनच्या सेक्रेटरींना आपली छत्री सांभाळायला दिली. आणि मग एक म्हातारी बाई हॉलच्या मधोमध उभी राहून चारी बाजूंना बघत होती, तिची नजर माझ्यावर आली आणि ती सरळ माझ्याकडं चालत आली.

"बाबा रे, नवं कनेक्शन कुठं मागायचं?"

मी सांगितलं. तिच्यामागून आणखी एक आला. मग आणखी दोघं. "साहेब, बिल दुप्पट आलंय." "साहेब, वरच्या मजल्यावर पाणीच चढत नाही." मी चौकशीच्या टेबलामागं जाऊन बसलो, नव्हे, मला लोकांनीच तिथं नेऊन बसवलं. फीत कापायला आलेले मोठे साहेब गर्दीत वाट चुकले होते, तेही माझ्याकडंच आले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही इथलेच ना? जरा स्वच्छतागृह कुठं आहे?" मी दाखवलं. आमचे साहेब त्यांना गाठायला धावत आले, तर रांगेतल्या एकानं त्यांना दंडाला धरून मागं ओढलं. "ओ पांढरा शर्ट, आम्ही आधी आलोय." रांगेतूनच साहेब माझ्यावर ओरडले, "याचा लेखी खुलासा लागेल!" मी म्हटलं, "देतो साहेब," आणि पुढच्या माणसाचं बिल हातात घेतलं.

किती वेळ तसा गेला कोण जाणे. तोंडाला फेस आला होता, शर्ट पाठीला चिकटला होता, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला उठावंसं वाटत नव्हतं. मान खाली घालूनच मी म्हणत होतो, बोला, पुढं, बोला, पुढं.

"बोला, काय काम आहे?"

"एक फोन करायचा होता. इथून करता येईल का?"

मी वर बघितलं. चिंगी होती. रांगेतून आली होती, सगळ्यांसारखी. तिच्यामागं खांबाशी तिची आई पदराला डोळे पुसत उभी होती. चिंगी माझ्याकडं बघत नव्हती, शर्टाकडं बघत होती, मग भिंतीकडं, मग पुन्हा शर्टाकडं, धंद्यातलं माणूस आपलं काम बघतं तसं.

"कुणाला करायचाय?"

"मामाला. सोमवारी येत नाही म्हणून सांगते."

मागचा माणूस म्हणाला, लवकर आटपा. खासगी कामाला ऑफिसचा फोन वापरू नये, ही पाटी मीच तिथं लावलेली आहे. मी फोन उचलून तिच्यापुढं ठेवला आणि मेहुण्यांचा नंबर स्वतः फिरवून दिला.